बिट तुटला नव्हता

ताई, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास, सेलूतल्या तुझ्या पत्र्याच्या शेडमध्ये, टेबलाखाली बसवलेल्या सुतारकामाच्या राउटरमधून बिट बाहेर पडला आणि तुझ्या मानेला डाव्या कानाखाली लागला. परभणीच्या दवाखान्यात पोचण्याआधी तू गेलीस.

दुसऱ्या दिवशी एका पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. मथळा होता, ‘राउटरचा बिट तुटून महिलेचा मृत्यू’. गाव बरोबर होतं, वेळ बरोबर होती, तुझं नावही बरोबर होतं. बिट तुटल्याचं कोणी सांगितलं, ते बातमीत नव्हतं. माझी सगळी नोकरी पेपरच्या संपादकीय टेबलावर गेली. आलेली बातमी वाचायची, आणि जे कोणी पाहिलेलं नाही ते विचारून घ्यायचं, नाहीतर काढून टाकायचं. ही बातमी माझ्याकडे आली असती तर मी वार्ताहराला एवढंच विचारलं असतं: तुटलेला बिट कोणी पाहिला?

कोणीच पाहिला नव्हता. तू एकटी होतीस. तुझा मुलगा दत्ता खिडक्या बसवायला बोरीला गेला होता. दाजी ओसरीवर बाजेवर होते. पाडव्यानंतर त्यांना लकवा मारला तेव्हापासून ते तिथेच असतात, शेडचं दार समोर दिसेल असे. त्यांनी आवाज ऐकला. त्यांना उठता आलं नाही, ओरडताही आलं नाही. शेजारची बाई मशीन रिकामंच का फिरतंय म्हणून बघायला आली, तेव्हा तू टेबलाजवळ पडलेली होतीस.

राउटर काय असतं ते तुला सांगायला नको, पण हे वाचणाऱ्या सगळ्यांना ते माहीत असेलच असं नाही. मिनिटाला हजारो फेरे घेणारी मोटर. तिच्या तोंडात एक पोलादी पकड असते, तिला कोलेट म्हणतात. तिच्यात बिटाचा दांडा घालायचा, नट पान्याने आवळायचा, आणि फिरत्या बिटावरून लाकूड सरकवायचं. लाकडाच्या कडेला गोलाई येते, खाच पडते, गलता, म्हणजे कडेची नक्षीदार पन्हळ, उठतो. बिटाला कापणारी दोन पाती असतात, दांड्यावर डाक देऊन, म्हणजे झाळून, बसवलेली. स्वस्त बिटाची भीती या डाकेची असते. ती कच्ची असली तर पातं फिरताफिरता सुटतं.

म्हणून बातमी सगळ्यांना पटली. बिट स्वस्तातला होता हे गल्लीला ठाऊक होतं, त्यामुळे तो तुटला असणार हे ठरून गेलं. तुझ्या दारापुढच्या सतरंजीवर बसून सोयरेधायरे बोलत होते, आणि दत्ता चहाचे कप उचलत होता.

“सस्त्यातलं आणलं की आसंच व्हतं.”

“आन् तेबी घरच्याच पोरानं आणावं.”

“बाईमाणसानं मशीनवर बसावंच कशाला म्हणतो मी.”

शेवटचं वाक्य म्हणणाऱ्या गृहस्थांच्या घराची दारं तू केलेली आहेत. मी ते त्यांना सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी दत्ताने मला शेडमागे नेलं. बिटांचा डबा त्याने लिंबाखाली फेकून दिला होता. झाकण एकीकडे, बिट मातीत.

“मामा, ह्यो डबा म्या आणला व्हता. आईनं सांगितलाबी न्हवता. फोनवर दिसला, सस्ता व्हता, मागवला. ती खूश झाली व्हती, मामा.”

पंचविशीचा मुलगा. वडील बाजेवर, आई गेलेली. त्याने सोनपेठच्या गिऱ्हाइकाला फोन करून सांगून टाकलं होतं की देव्हारा दुसरीकडे करून घ्या. मशीन भंगारात देणार होता, शेडला कुलूप लावून पुण्याला एखाद्या कंपनीत जाणार होता. “आणि अण्णांचं?” असं मी दाजींबद्दल विचारलं. त्याने मातीतला एक बिट पायाने लांब सारला. त्याच्या मनात आईला त्यानेच मारलं होतं, आणि त्याला तसं म्हणायला गल्लीतल्या कोणाचीच हरकत नव्हती.

तेव्हा मी ठरवलं की बिट शोधायचा.

या विषयावर तुझं-माझं भांडण जुनं आहे, हे दत्तालाही माहीत होतं. म्हणून तो माझ्याकडे बघत नव्हता. स्वस्त बिट घेऊ नको असं सांगणारा घरात मीच होतो.

एका भाऊबीजेला मी तबकात साडीऐवजी बिट ठेवला होता. चांगल्या बनावटीचा, सरळ धारेचा, संभाजीनगरहून आणलेला. तू ओवाळता ओवाळता थांबलीस.

“ह्ये काय?”

“बिट. जन्मभर पुरेल.”

“आन् साडी?”

“साडी तू कधी मागितलीस?”

“मागितली न्हाई म्हणून आणायची न्हाई व्हय? आवो, आयकलं का,” तू आत दाजींना ओरडलीस, “माझ्या भावानं मला ववाळणीत खिळा घातलाय!”

दाजी आतून म्हणाले, “ठेवून घे. परत मागंल न्हाईतर.”

तू तो बिट हातात घेतलास, पदराने पुसलास, उजेडाकडे धरलास. माल चांगला आहे हे तुला एका नजरेत कळलं होतं. तरी म्हणालीस, “ह्या एकात माझा आख्खा डबा येतो, ओ पत्रकार.”

“आणि त्या डब्यातले निम्मे तू फेकतेस.”

“निम्मे न्हाई. आन् फेकत तर एकबी न्हाई.”

हे खरं होतं. शेडच्या भिंतीवर लिंबाच्या फळीत नापास झालेले बिट उलटे ठोकलेले आहेत, खुंट्या म्हणून. एकावर दाजींची टोपी, एकावर दत्ताची पिशवी. मी आलो की माझा शर्टही तिथेच टांगायचीस आणि म्हणायचीस, “बग, तुझ्या नावानं एक नापास केला.”

तुझं म्हणणं मी इथे तुझ्याच शब्दांत नोंदवतो, कारण मी मांडलं तर ते माझ्या बाजूला झुकेल. “रोज लागतो त्यो सरळ बिट मी भारीतलाच घेते की न्हाई? सागवान धार खातंय, त्याला हलका बिट चालत न्हाई, मला मालूम हाय. पण ह्यो नक्षीचा आकार मला वर्सातून एकदा लागतोय, एका दाराला. त्याच्यासाठी तसला जन्मभराचा घेऊन काय करू? माझा जन्म काय त्येच दार करण्यात जायलाय का?”

माझं म्हणणं होतं की प्रश्न आकाराचा नाही, डाकेचा आहे. “डब्यातला कोणता तुटेल ते तुला आधी कळणार आहे का?”

“तुझ्या पेपरातली कोणती बातमी खोटी निघंल ते तुला आधी कळतंय का? वाचून बगतोस ना? तसं मीबी बगते.”

तू बघायचीस. मी ते पाहिलेलं आहे. नवा डबा आला की प्रत्येक बिट दारात नेऊन पातं जिथे दांड्याला चिकटतं ती रेघ बघायचीस. रेघेत सुईच्या टोकाएवढंही भोक दिसलं की तो बिट खुंटीत. मग बाकीचे एकेक करून मशीनमध्ये घालायचे, समोर एका जुन्या दाराची फळी आडवी उभी करायची, आणि तिच्याआड राहून लांब काठीने बाभळीचा तुकडा बिटावर ढकलायचा. मलाही त्या फळीआड उभं केलं होतंस, खांद्याला धरून. बाभूळ करपली का, आवाज फाटला का, दांडा गरम झाला का. एवढ्यातून जो पार पडेल त्याला सागवानाच्या दाराजवळ यायची परवानगी.

मी लिहितोय ते टेबलही तूच केलंस, माझं लग्न झालं तेव्हा. त्याच्या कडेची गोलाई एका हलक्या बिटाने काढलेली आहे. उजव्या कोपऱ्यावर बोटभर लांब काळी रेघ आहे. बिट तिथे बोथटला आणि लाकूड करपलं. मी म्हटलं होतं, घासून काढ. तू म्हणालीस, “ऱ्हाऊ दे. वादात तुलाच कामाला यील.” आली, बऱ्याचदा.

मशीनवर तू कशी आलीस तेही इथे असायला हवं, कारण पुढचं त्यावरच आहे. दाजी हत्यारांचे माणूस. पटाशी, रंधा, वाकस. राउटर घरात आलं तेव्हा त्यांनी त्याला दोन बोटं लावून बघितलं आणि म्हणाले, “ह्याला हात न्हाई, नुसतं तोंडच हाय. ह्ये तुझं. पटाशी माझी.” तू आधी त्यांच्या कामाला पॉलिश करायचीस, फळ्या धरायचीस. मशीनवर तू बसलीस ती चेष्टेत बसलीस आणि उठलीच नाहीस. गावाने काय काय म्हटलं ते मी लिहीत नाही. गावाने पुढे दारंही तुझ्याकडूनच करून घेतली.

राख सावडून आल्यावर सगळे जेवायला बसले, तेव्हा मी तुझ्या घरातली ज्वारीची चाळण घेतली आणि शेडमधला भुसा चाळायला लागलो. पंचनामा झाला होता, पोलिसांनी जागा मोकळी केली होती. रक्त पडलेल्या जागेवरचा भुसा शेजाऱ्यांनी आधीच उचलून नेला होता. मी भिंतीच्या बाजूने सुरुवात केली. थोड्या वेळाने दत्ता आला आणि फावड्याने भुसा पुढे ओढून द्यायला लागला.

बिट प्लायवुडच्या उभ्या तुकड्यांच्या मागे सापडला. दत्ताने पाहिला, हात लावला नाही. मी कागदात धरून उचलला.

तो तुटलेला नव्हता. दोन्ही पाती जागच्या जागी होती. डाकेची रेघ अखंड होती. दांडा सरळ होता.

“हाच आहे का?” मी विचारलं.

“ह्योच. देव्हाऱ्याचा. डावं दार ह्याच्यानंच केलंय तिनं. नवमीच्या आधी.”

डावं दार तिथेच भिंतीला टेकून उभं होतं. कडेचा गलता सरळ, स्वच्छ. म्हणजे बिट तुझ्या परीक्षेतून गेलेला होता आणि सागवानावर चाललेला होता. समोर आडवी फळी त्या दिवशी का नव्हती, याचंही उत्तर त्यात होतं. ती नव्या बिटासाठी असायची.

ठाण्यातल्या जमादारांना मी बिट दाखवला. पंचनाम्यात त्यांनी ‘मशीनमधून सुटलेला भाग’ असंच लिहिलेलं होतं. तुटल्याचं त्यांच्याही कागदावर नव्हतं. त्यांनी फोटो घेतला, जबाब लिहून घेतला आणि बिट घरीच ठेवायला सांगितला.

पण एका शंकेचं निरसन झालं की दुसरी पुढे येते. स्वस्त बिटाचा दांडा कधी कधी मापाला किंचित बारीक असतो. डोळ्याला दिसत नाही, पण पकड नीट बसत नाही, आणि बिट सरकत सरकत वर येतो. तसं असेल तर दोष पुन्हा डब्याचाच, आणि पुन्हा दत्ताचा. हे मी त्याला सांगितलं. लपवून उपयोग नव्हता. त्याला ते माझ्याआधी सुचलं होतं.

आम्ही जिनिंगमधल्या फिटरकडे गेलो, रशीदचाचांकडे. सरकी-कापसाच्या मशिनी दुरुस्त करण्यात त्यांचं वय गेलं. दत्ताने राउटर नेलं, कापडात गुंडाळून. मी दोन बिट नेले: हा, आणि भाऊबीजेचा माझा. चाचांनी मापाची पट्टी दोन्ही दांड्यांना तीन ठिकाणी लावली.

“बराबर हाय. भारीवाला आन् ह्यो, दोनी येकच. बिटात खोट न्हाई.”

दत्ताने श्वास सोडला. मी ते पाहिलं.

मग चाचांनी नट काढला, कोलेट तळहातावर घेतलं आणि आत करंगळी फिरवली. करंगळी बाहेर आली ती लाल-पिवळी. तेलकट, वर भुसा चिकटलेला. त्यांनी ती उजेडाकडे धरली, हुंगली.

“ह्ये काय लावलंय?”

दत्ता म्हणाला, “खंडेनवमीचं.”

चाचांनी करंगळी कापसाच्या बोळ्याला पुसली. मग म्हणाले, “बेटा, मशीनला तेल बाहीरून देतेत. तोंडात न्हाई. तोंड सुकं पायजे. सुकं आसलं तरच दात धरतेत.”

खंडेनवमीला तुझ्या घरी हत्यारांची पूजा होते. ती सासऱ्यांच्या आधीपासूनची आहे. हत्यारं धुवायची, करडईचं तेल चोळायचं, हळदी-कुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. दसऱ्याच्या दिवशीही त्यांना कोणी हात लावत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातला कर्ता पहिलं हत्यार उचलतो. त्याला हत्यारं उठवणं म्हणतात. पटाशीला आणि रंध्याला तेलाने काही होत नाही, उलट गंज धरत नाही. राउटर त्या ओळीत आलं तेव्हा तू त्यालाही तेच केलंस. दत्ताच्या फोनमध्ये यंदाच्या पूजेचा फोटो आहे. राउटर पाटावर उलटं ठेवलेलं आहे आणि त्याचं तोंड आतपर्यंत लाल आहे. शेजारी बिट ओळीने उभे, प्रत्येकाच्या दांड्याला तेल, तेलावर कुंकू. घरात कुंकवाचा करंडा एकच आहे. तुला शेवटचं मळवट भरलं ते त्याच करंड्यातलं.

ही पूजा अशीच दरवर्षी व्हायची आणि कधी काही झालं नाही, कारण हत्यारं दाजी उठवायचे. पटाशी कपाळाला लावून खाली ठेवली की ते रॉकेलचा बोळा घेऊन बसायचे आणि सगळी हत्यारं पुसायचे. राउटरचं तोंडही. मशीनवर विश्वास नसल्यामुळे ते तोंड सगळ्यात जास्त वेळ पुसायचे. तू त्यांना हसायचीस. “बायको न्हाई आवडली, आन् तिच्या मशीनचे दात घासायलेत.” ते पुसणं तुझ्या लेखी पूजेचा भाग होतं, कामाचा नव्हता. यंदा दाजींचा उजवा हात उठत नाही. तू पटाशी उचललीस, कपाळाला लावलीस, आणि उजवं दार घेऊन टेबलाशी गेलीस. दांड्यावरचं पदराने पुसलं असशील. बिटावर तेल फारसं नव्हतं. कोलेटमध्ये होतं.

नट सैल राहिला असेल का, हेही मी विचारलं. दाजींनी पान्याचा आवाज दोनदा ऐकला होता. तू नेहमी दोनदा आवळायचीस. नट सैल नव्हता.

परत येताना दत्ता घराजवळ आल्यावर म्हणाला, “मामा, अण्णांना ह्ये सांगायचं न्हाई.”

“ते विचारतील.”

“इचारू द्या.”

मी सांगितलं पाहिजे का, यावर मला मत होतं. मी ते दिलं नाही.

इथे एक गोष्ट लिहायची राहिली आहे. तू गेलीस त्या दिवसापासून दाजी बाजेवर बसून डाव्या हाताने हत्यारं पुसत होते. दत्ताच्या बायकोला सांगून त्यांनी रॉकेलचा बोळा आणवला होता. पटाश्या मांडीवर घ्यायचे, पुसायचे, खाली ठेवायचे, पुन्हा उचलायचे. भेटायला आलेले लोक म्हणायचे, माणूस खचला, भान नाही. मलाही तसंच वाटलं होतं. फिटरकडून परत येईपर्यंत.

आम्ही ओसरीवर चढलो. दाजींचं बोलणं आता सावकाश येतं, शब्दामागे शब्द.

“पाव्हणं. बिट घावला म्हणं?”

“सापडला.”

“तुटला?”

“नाही.”

त्यांनी दत्ताकडे पाहिलं. “मग?”

“नट घासला व्हता, अण्णा,” दत्ता म्हणाला. “मशीन जुनी झाली. फिटर म्हणला.”

मी तिथे उभा होतो. फिटर असं म्हणाला नव्हता. मी दुरुस्ती केली नाही.

दाजींनी हातातली पटाशी खाली ठेवली. “पाना दोनदा वाजला व्हता.”

“व्हय.”

“नट चांगला व्हता, दत्ता. म्या बशिवला व्हता त्यो.”

 दाजींनी बोळा रॉकेलच्या वाटीत बुडवला, पिळला, आणि डावा हात पुढे केला.

“तोंड आण हिकडं.”

दत्ताने कापड सोडलं, राउटर ओसरीवर ठेवलं, कोलेट काढलं. एका हाताने कोलेट पुसता येत नाही, ते फिरतं. दत्ता बाजेपुढे उकिडवा बसला आणि त्याने ते दोन बोटांत घट्ट धरलं. दाजींनी बोळ्याचं टोक आत घातलं आणि पुसायला लागले. लाल आलं, मग पिवळं आलं, मग काळपट भुसा आला, मग काहीच आलं नाही. ते पुसत राहिले. दत्ताच्या बोटांवरून रॉकेल ओघळत होतं.  दत्ताची बायको पाणी घेऊन आली होती, ती दारातच थांबली.

दाजी शेवटी म्हणाले, “झालं.” आणि थोड्या वेळाने, “ह्ये माझं काम व्हतं.”

“आईला सांगायला पायजे व्हतं तुमी,” दत्ता म्हणाला. रागाने नाही.

“तोंडावर आलं व्हतं. शब्द जुळायच्या आत तिनं मशीन चालू केली.”

हे खरं आहे की नाही, ते पडताळायला मार्ग नाही. ते म्हणाले असं मी नोंदवतो.

ताई, आपल्या वादाचं काय करायचं ते मला ठरवता येत नाही. बिटाने तुला दगा दिला नाही, हे मी पाहिलं, मोजून घेतलं आणि दत्ताच्या तोंडावर सांगितलं. पण एका बिटावरून डब्याचा निष्कर्ष निघत नाही. खुंट्यांवर ठोकलेल्या बिटांबद्दल मी माझ्या मतावर आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस की ते नापास तुला कळलेच ना, मग अजून काय पाहिजे. मी म्हटलं असतं की प्रत्येकजण तुझ्यासारखं बघत नाही. दुकानात पहिल्यांदा राउटर घेणारं पोरगं डाकेची रेघ उजेडाकडे धरून बघणार नाही, त्याला स्वस्त डबा घे असं सांगू नये. यावर तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत नाही. इथून पुढची वाक्यं माझी मलाच लिहावी लागतील, आणि तुझ्या तोंडी घातली तर ती खोटी होतील.

तुला सांगायचं राहिलं ते फार नाही. भाऊबीजेचा बिट तू वापरत नव्हतीस असं मी समजत होतो. फिटरकडे न्यायला म्हणून हत्यारांच्या डब्यातून काढला तेव्हा त्याची पाती झिजलेली दिसली. दत्ता म्हणाला, रोज तोच असायचा. मला तू हे सांगितलं नव्हतंस. सांगितलं असतंस तर वाद लवकर संपला असता, आणि तुला तो संपवायचा नव्हता, असा मी अंदाज करतो. हा अंदाज आहे.

पेपरला मी पत्र पाठवलं: बिट तुटला नव्हता, कृपया दुरुस्ती छापावी. मृत्यूचं कारण त्यात लिहिलं नाही. दोन ओळींची दुरुस्ती आली, आतल्या पानावर, खाली. गल्लीत ती फारशी कोणी वाचली नसावी. दत्ताने कापून खुंटीच्या फळीवर चिकटवली आहे.

सोनपेठच्या कुटुंबाने दुसरा सुतार बघितला नव्हता. घर शिवभक्तांचं, व्यापारी, घरातले आजोबा स्वतः फोनवर आले आणि म्हणाले, “आमचा देव थांबायला तयार हाय. तुमी तुमचं बगा.” तेराव्यानंतर दत्ताने शेड उघडली. मशीन भंगारात गेलं नाही. पुण्याला तो गेला नाही. जाणार नाही असंही त्याने म्हटलेलं नाही.

काल सकाळी त्याने टेबलापुढे जुन्या दाराची फळी आडवी उभी केली. दाजींची बाज शेडच्या दारापर्यंत ओढून घेतली. कोलेट त्यांच्यापुढे धरलं, त्यांनी बोळ्याने पुसलं, बोट घालून बघितलं, मान हलवली. दत्ताने बिट घातला, पाना दोनदा आवळला आणि फळीआड उभा राहून उजवं दार बिटावर सरकवलं.

देव्हारा आज दुपारी टेम्पोने सोनपेठला गेला. उजव्या दाराचा गलता त्याच बिटाने काढलेला आहे. लाकूड कुठेही करपलेलं नाही.